मासा जिथला, पाणी तिथलं

शटर अर्ध्यावर ओढ रे मिदहत, वारा सरळ समुद्रावरून आत शिरतोय. आणि ती शेगडी जरा माझ्याकडे सरकव. ऐन जानेवारीतली ही तूबा महिन्याची थंडी तरण्या पोरीची माकडीण करते म्हणतात, मग माझ्यासारख्या म्हाताऱ्याचं काय करत असेल! चहा घ्या. साखर कमी वाटली तर दुसऱ्या दुकानात जा.

काय म्हणालास मघाशी? टाकी घेतलीस? काचेची? आणि खाऱ्या पाण्यातले मासे पाळणार? बरं, पाळ. पाणी कुठनं आणणार?

"कुठनंही काका. तांबड्या समुद्रावरच्या कुसैरला पाण्याची काय कमी आहे?"

हेच! अगदी हेच. दात काढू नकोस, मार खाशील. वीज येईपर्यंत तुम्ही दोघं काही घरी जात नाही, तर हुमामची गोष्ट ऐका. मी सांगतोय ती ऐकीव नाही. त्या रात्री मी तिथे होतो.

दोन हजार एकोणीस साल, जानेवारीची सतरा तारीख, गुरुवार. रात्रीची नमाज होऊन गेली होती आणि मी याच दुकानात बसून कड्या-कुलपं मोजत होतो. हुमाम आला. उंच, रुंद खांद्यांचा गडी, पाणबुड्या. पण त्या दिवशी खांदे पडलेले, डोळे खोल गेलेले. काखेत कागदात गुंडाळलेलं काहीतरी.

"हसबल्लादादा, एक खिळा द्या."

"एक पुडा?"

"एकच. मोठा. नवा पाहिजे, कशातही न ठोकलेला."

मी एक काढून त्याच्यापुढे ठेवला, आणि मग माझा हात थांबला. तुम्ही आजकालची पोरं, तुम्हाला कोण सांगणार! आपण सगळे मूळचे नाईलकाठचे, केनाकडचे. आपल्याकडे एकटा नवा खिळा फक्त एकाच कामाला लागतो. माणसाचा खून झाला की जिथे रक्त सांडलं तिथून त्याचं भूत उठतं. ते उठायच्या आत त्या जागी कोरा खिळा ठोकायचा. मग ते बसतं जमिनीत.

मी म्हटलं, "हुमाम, कुणाचं रक्त?"

मी विचारलं ते उगाच. मला माहीत होतं, बखीतचं. अख्ख्या कुसैरला माहीत होतं, फक्त तोंडातून कुणी काढत नव्हतं.

बखीत आणि हुमाम, दोघांची एक होडी, एक धंदा. खडकातले रंगीत मासे चोरून पकडायचे, हुमामच्या घरच्या मोठ्या टाकीत ठेवायचे, मासे टाकीत रुळून खायला लागले की शौकिनांना विकायचे. आणि या शौकिनांच्या टाक्यांची निगाही हेच राखायचे. निगा म्हणजे बखीत हो! हुमाम नुसता ओझी उचलणार. खाऱ्या पाण्याचा मासा नवरीपेक्षा नाजूक. पाणी जरा तापलं, मेला. जरा निवलं, मेला. मीठ चिमूटभर वाढलं की मेला. बखीत टाकीपुढे बसायचा तर उठायचा नाही. त्याची दोन वाक्यं ठरलेली. पहिलं, "मासा जिथला, पाणी तिथलं." ज्या खडकावर मासा पकडला तिथलंच पाणी पिंपात भरून आणायचा. दुसरं, "पाणी उडतं, मीठ राहतं." म्हणजे टाकीतलं पाणी वाफ होऊन कमी झालं की वरून गोडं पाणी टाकायचं. समुद्राचं टाकाल तर मीठ चढत जाईल.

ऐकतोयस ना, मिदहत? तुझ्याच कामाचं आहे.

तर हुमामने नेमकं तेच केलं. एका बड्या माणसाच्या वाड्यावर मोठी टाकी होती. बखीत आजारी पडला तेव्हा रोज पाणी भरायचं काम याच्याकडे आलं. गोडं पाणी टँकरने येतं, लांबून वाहून आणावं लागतं. समुद्र दारात. या आळशाने बादली समुद्रात बुडवली आणि ओतली. रोज ओतली. एका सकाळी सगळी टाकी पोट वर करून तरंगत होती. आणि मालकाने विचारलं तर हा काय म्हणाला? "बखीतने सांगितलं होतं तसंच केलं."

मालकाने बखीतला भरल्या कॉफीहाउसात थोबाडीत मारली. चार माणसांत. आपल्यात माणूस जीव देईल, पण थोबाडीत खाणार नाही. बखीतने खाल्ली, कारण त्याला वाटलं चूक खरंच आपली असेल. नंतर त्याला खरं कळलं.

हे सगळं हुमामने त्या रात्री मला सांगितलं, इथे, या स्टुलावर. पुढचंही.

दोन महिन्यांपूर्वी दोघं होडी घेऊन बाहेरच्या खडकावर गेले होते. पिवळ्या फुलपाखरू माशांची एक जोडी मिळाली. ही जोडी म्हणजे नवराबायकोच, एक मेला की दुसरा खाणं सोडतो. बखीतने दोघांना बादलीत ठेवलं आणि काठावर ओणवा होऊन पिंपं भरायला लागला. भरता भरता शांतपणे म्हणाला, "हुमाम, उद्या तू माझ्याबरोबर कॉफीहाउसात यायचंस. मालकासमोर उभं राहून खरं काय ते सांगायचंस. तेवढं कर, मग मी तुला भाऊच म्हणेन."

एवढंच मागितलं होतं त्याने. एवढंच!

हुमामच्या हाताशी शिशाचा पट्टा होता, पाणबुडे कमरेला बांधतात तो. त्याने तो उचलला आणि मागून बखीतच्या डोक्यात घातला. बखीत तोंडावर पाण्यात पडला. वर आला. डोकं फुटलेलं, डोळ्यांत रक्त, पण होडीचा काठ धरला त्याने दोन्ही हातांनी. म्हणाला, "हुमाम, आई आहे रे घरी."

हुमामने पट्टा फिरवला, त्या बोटांवर. एकदा, दोनदा. सोडेपर्यंत.

आणि मग... माणसाची अक्कल कशी मारली जाते बघा. मासे घेऊन आलो नाही तर लोक विचारतील, म्हणून त्याने मासे घरी आणले. मासे जगले पाहिजेत म्हणून पाणीही तिथलंच आणलं. उरलेली पिंपं त्याने तिथेच, त्याच काठाशी भरून घेतली. लाल तवंग होता, म्हणाला, पण ढवळल्यावर दिसेना. जुनं पाणी काढून सगळं टाकीत ओतलं. बखीतचा नियम बखीतलाच लावला भडव्याने. आणि गावात रडत सांगितलं की बखीत बुडी मारायला गेला तो वर आलाच नाही.

तिसऱ्या दिवशी प्रेत किनाऱ्याला लागलं. बखीतची आई, सगळा गाव तिला उम्म बखीत म्हणतो, ती बघायला आली. पोराचे हात हातात घेतले. बोटं पाहिली. म्हणाली, "समुद्र माणूस गिळतो. एकेक बोट धरून मोडत नाही." बस, तेवढंच. माती झाली आणि तिने दार लावून घेतलं. ना अंगणात खुर्च्या, ना बिनसाखरेची कॉफी, ना कुणाचं सांत्वन. याचा अर्थ तरी माहीत आहे का तुम्हाला? सूड झाल्याशिवाय दुखवटा नाही.

दोन महिने ते दार बंद होतं.

"मग आता खिळा कशाला?" मी हुमामला विचारलं. "रक्त सांडलं ते समुद्रात. समुद्रात खिळा ठोकणार आहेस?"

तो म्हणाला, "समुद्रात नाही दादा. ते माझ्या घरात आहे."

मी त्याच्या काखेतलं पुडकं ओढलं. आत पांढरं कापड होतं. कफनाचं. माझ्या जिवात जीव आला. आपल्यात रीत आहे ना, खुन्याने स्वतःचं कफन हातावर घ्यायचं, अनवाणी जायचं आणि मयताच्या घरच्यांच्या पायाशी ठेवायचं. मारा नाहीतर सोडा. बहुतेक वेळा सोडतात.

"गेलो होतो," हुमाम म्हणाला. "तिच्या दारापर्यंत गेलो. पाय पुढे जाईनात. जीव नको वाटतो, पण द्यायची भीतीही वाटते, दादा."

"मी येतो बरोबर," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता. तो खिळा ठेव इथेच."

"येतो. पण आधी घरी चला. एकदा डोळ्यांनी बघा. मला वेड लागलंय का तेवढं सांगा."

खिळा त्याने खिशात टाकला. मी पाहिलं, पण म्हटलं, असू दे, रस्त्यात समजावू.

त्याचं घर किल्ल्याच्या मागच्या गल्लीत, तळमजल्याची एकच मोठी खोली. बायको माहेरी निघून गेली होती. आत शिरलो आणि माझा चष्मा धुरकटला. बाहेर हाडं गोठवणारी थंडी आणि खोलीत वाफ! भिंतीला लागून लाकडी घडवंचीवर टाकी. पुरुषभर लांब. पंप घुमत होता, वर निळा दिवा. आत ती पिवळी जोडी, अंगाला अंग लावून.

"काचेवरची तापमापी बघा," हुमाम म्हणाला.

सदतीस.

"तीसच्या वर गेलं की मरतात हे," तो म्हणाला. "पाणी तापवायची सळी मी कधीच उपटून टाकली. बर्फाच्या बाटल्या सोडल्या, दिवसाला दहा-दहा. बर्फ वितळतो, काटा हलत नाही. दिवसा सदतीस, रात्री सदतीस. आणि हे मरत नाहीत दादा! खातात, हिंडतात. इतकं स्थिर पाणी बखीतलासुद्धा कधी जमलं नव्हतं."

मी काचेला तळवा लावला. ऊब होती. गेल्याच वर्षी मी माझ्या भावाला मातीत ठेवलं होतं, गार अंग कसं लागतं ते मला ठाऊक होतं. हे तसं नव्हतं. हे जिवंत माणसाचं अंग होतं.

"सदतीस म्हणजे..." मी बोलायला गेलो आणि बोललो नाही.

"हो," हुमाम म्हणाला. त्याने वाकून पंपाची वायर उपटली.

घुमणं थांबलं. खोली शांत झाली... पाणी नाही झालं. टाकीतलं पाणी हळूच वर चढलं. काठापर्यंत. थांबलं. मग खाली उतरलं. परत वर... परत खाली.

श्वास.

मी कफन उचललं आणि त्याच्या हातात कोंबलं. "चल! आत्ता, या क्षणी. त्याला हेच पाहिजे असेल. आईपुढे जा, खरं बोल. जिवंतपणी त्याने दुसरं काय मागितलं होतं तुझ्याकडे?"

हुमामने कापड छातीशी धरलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. खरं सांगतो, तो निघाला होता. दाराकडे वळला होता. पायातल्या चपलासुद्धा काढल्या होत्या त्याने.

आणि मागे... टप.

एक थेंब. मग दुसरा.

आम्ही वळलो. टाकीच्या काठावर, काचेवर... बोटं होती. आतून धरलेली. चार या हाताची. चार त्या हाताची. वाकडी. कुठेही, कशीही मोडलेली.

नुसती बोटं. त्यांच्याखाली पाणी. पाण्यात काहीच नाही... दोन पिवळे मासे.

"हुमाम," मी कुजबुजलो. "बघू नकोस. दार. दाराकडे चल."

त्याने कफन खाली टाकलं.

कोपऱ्यात हातोडी होती. ती उचलली, खिशातून खिळा काढला. घडवंचीच्या फळीवर, टाकीच्या बरोबर खाली, खिळा धरला आणि ठोकला. सगळी घडवंची हादरली. "बस खाली!" तो ओरडत होता. "बस! बस!" दुसरा घाव. काच तडकली. तड वरपासून खालपर्यंत पळाली, मी डोळ्यांनी पाहिली.

पाणी सांडलं नाही.

काच दुभंगलेली. पाणी उभंच.

बोटं हलली नाहीत. घट्ट धरून होती. तेव्हा हुमाम जनावरासारखा किंचाळला, "एकदा मारलं ना तुला! किती वेळा मरशील?" आणि त्याने हातोडी फिरवली... त्या बोटांवर. एकदा. दोनदा.

तेच. पुन्हा तेच केलं त्याने.

हाड मोडल्याचा आवाज झाला. पण बोंबलला तो हुमाम. हातोडी त्याच्या हातातून गळली. त्याने स्वतःचा डावा हात वर धरला. बोटं लोंबत होती... त्याची.

मग पाणी आलं.

फुटलेल्या टाकीतून येतं तसं खाली नाही. पुढे. सरळ. अंगावर. काचेसकट. मला फक्त त्याची कड लागली आणि मी दारातून गल्लीत जाऊन पडलो. हा ओठ फाटलाय ना, तो तेव्हाचा. हुमामला त्या पाण्याने उचललं आणि भिंतीवर मारलं. परत उचललं... परत मारलं. त्याच्या तोंडातून शब्द येत होते, मग नुसता गुळगुळ आवाज.

दार बंद झालं. आपोआप.

मी दारावर धडका दिल्या. शेजारीपाजारी जमले, पहार लावली. तकलादू लाकडी दार, पण तसूभर हललं नाही. आतून हातोडीचा आवाज यायला लागला. सावकाश. कुणी घाईत नसल्यासारखा. पहिल्यांदा मऊ कशावर तरी... मग टणक.

मग काहीच नाही.

...

पहाटेची अजान झाली आणि दार उघडलं. कुणी हात लावला नव्हता.

फरशी कोरडी होती. एक थेंब नाही, भिंतीवर ओल नाही. काचांचा खच पडलेला. मधोमध हुमाम उताणा. चेहरा ओळखू येत नव्हता. डाव्या हाताची बोटं एकेक करून मोडलेली. उजवा तळवा सिमेंटवर पसरलेला आणि त्यातून माझा खिळा आरपार, मुंडीपर्यंत. चाळीस वर्षं खिळे विकतोय मी. तसला खिळा सिमेंटात जात नाही, वाकतो. तो काढायला पोलिसांना फरशी फोडावी लागली. त्यांनी कागदावर काय लिहिलं ते त्यांचं त्यांना ठाऊक.

कोपऱ्यात ते कापड पडलं होतं. त्याचंच होतं, त्याच्याच अंगावर घातलं.

मी तसाच उठलो. म्हटलं, उम्म बखीतला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळायच्या आधी आपण सांगावं. मच्छीबंदरामागच्या गल्लीत वळलो, आणि थबकलो.

दार उघडं होतं. अंगणात खुर्च्या मांडलेल्या, दोन रांगा. शेगडीवर कॉफी उकळत होती.

"ये हसबल्ला," म्हातारी म्हणाली. "तूच पहिला. बस."

"मावशी, तुला कुणी..."

"बस म्हटलं ना. माझा बखीत गेला. दोन घोट घे."

मी बसलो. शेजारी, उंबऱ्याला लागून, तिचं कपडे धुवायचं मोठं घमेलं होतं. काठोकाठ भरलेलं. त्यात ती पिवळी जोडी फिरत होती. अंगाला अंग लावून.

हसतोस काय, मिदहत? नाही हसत? मग ठीक. सात वर्षं होत आली, ते घमेलं अजून तिथेच आहे. पंप नाही, सळी नाही, दिवा नाही. उन्हाळ्यात तेच, तूबा महिन्यातही तेच. ते मासे अजून जिवंत आहेत. रोज सकाळी म्हातारी बघते किती उडालं ते, आणि तेवढंच गोडं पाणी वरून टाकते. पोराने शिकवलं होतं ना. उद्या उजेडात जाऊन बघून या. लांबून बघा. हात घालू नका.

मी घातला होता. त्याच सकाळी. मला खात्री करायची होती, म्हणून वाकलो आणि हळूच बोट बुडवलं.

कोमट होतं.

आणि खालून कुणीतरी माझं बोट धरलं.

जोरात नाही. पण सोडेना. मी ओढलं... सोडेना.

उम्म बखीतने मान वर केली नाही. ती कॉफी ओतत होती.

"सोड रे त्याला," ती म्हणाली. "खिळा विकणारा आहे तो, ठोकणारा नाही."

मग सोडलं.